दोन घंट्या मिळेपर्यंत

जळगाव, मंगळवार, १ जानेवारी १९७४

आज ड्यूटी नाही. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही. तरी पहाटे चारला उठलो, दाढी केली, खाकी शर्टाला हात घातला आणि मग आठवलं. द्रौपदा चुलीपाशी बसून सगळं बघत होती. हसली नाही, तेवढं बरं केलं.

काल डेपोत निरोप झाला. एसटीत चोवीस वर्षं गाडी चालवली आणि एक माणूस मारला नाही, की गाडी उलटवली नाही. डेपो मॅनेजर असंच बोलले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. वर्कशॉपच्या पोरांनी मोडीत काढलेल्या एका गाडीची घंटी दोरीसकट काढून, घासूनपुसून दिली. "आबा, घरी टांगा. जेवायला उठायचं असेल तर दोन घंट्या." हसून हसून पोट दुखलं. पण एक सांगतो, ती घंटी म्हणजे चेष्टा नाही. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. दोन मिळाल्याशिवाय मी कधी चाक हलवलं नाही. साहेब गाडीत बसलेला असला तरी नाही.

पंडित मात्र रडला. चौदा वर्षं माझा कंडक्टर. रडावं माणसाने, पण इतकं? जणू मी मेलोच. माणूस लाखाचा, पण शेवटची दोन वर्षं त्याला एक खोड लागली होती. उतरणारा कोणी नाही, चढणारा कोणी नाही, आणि मध्येच एक घंटी. मी थांबायचो. मागे बघितलं की हा म्हणायचा, "काही नाही जिवाभाऊ, चुकून ओढली गेली." कितीदा झापला, पण सुधारला नाही.

ही डायरी उत्तमचंदशेठनी दिली. चहाची एजन्सी आहे त्यांची. "जीवराम, आता तुझा हिशोब तूच लिही," म्हणाले. आमच्यात कसला आलाय हिशोब? पण एक बेत आहे, तो लिहायला होईल.

चहाचा पेला सांडला. डाव्या हाताला अगदी कडेला ठेवला होता हिने. पेला कुठे ठेवावा हे तीस वर्षांत कळलं नाही बाईला.

गुरुवार, ३ जानेवारी

बेत हा. उत्तमचंदशेठची जुनी फर्गो व्हॅन गोदामाच्या आवारात चार वर्षं पडून होती, ती मी घेतली. पूर्वी ती बाजारोबाजार फिरून फुकट चहा वाटायची. वर भोंगा होता, बाजूला कपबशी घेतलेल्या बाईचं चित्र. इंजिन मी स्वतः ऐकलं. ठणठणीत आहे. आत दोन फळ्या टाकायच्या झोपायला, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, खिडकीला पडदा. घरच चाकावर. आणि मग निघायचं. कुणाला पोचवायला नाही, आपण फिरायला.

मी आयुष्यभर लोकांना नेऊन सोडलं. पद्मालयाला सोडलं, उनपदेवच्या गरम कुंडाला सोडलं, तोरणमाळच्या पायथ्याला सोडलं. अजिंठ्याला तर किती वेळा, मोजदाद नाही. लोक वर लेणी बघायला जायचे आणि मी गाडीच्या सावलीत टॉवेल अंथरून झोपायचो. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. त्यानंतर एकदा हिने विचारलं होतं, "वर काय शे हो? बुद्ध झोपेल शे म्हणतस." मी म्हटलं, "पायऱ्या आहेत." मला तेवढंच माहीत होतं. लाज वाटली होती. अजून वाटते.

हिला सांगितलं. वाटलं, उडी मारेल. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "गाडी कोण चालाडी?"

घ्या! चोवीस वर्षं काय मी तिकिटं फाडत होतो?

बुधवार, ९ जानेवारी

फळ्या बसल्या. पेंटरने बाईवर हिरवा रंग मारला, पण वाळल्यावर कपबशी खालून दिसतेच. गल्लीतले लोक विचारतात, "आबा, पहिला कप आम्हाला ना?"

वेळापत्रक केलं. जळगाव सुटणे ७.३०. बांभोरी पूल ७.५० (गिरणेचं पात्र पाहणे, दहा मिनिटं). पद्मालय ९.१५. पारोळ्याचा किल्ला १२.०५. धुळे मुक्काम, पोरीकडे. दुसरे दिवशी लळिंगचा किल्ला. मग साक्री, प्रकाशा, तोरणमाळ. येताना शिरपूर, चोपडा, उनपदेव. सगळ्यात शेवटी अजिंठा. चांगलं शेवटी ठेवावं.

हिने कागद ऐकला आणि म्हणाली, "ही एसटी शे का? आते कसानी घाई शे?" मिनिटं खोडायला लावली. खोडली. मला ती खोडताना जीव गेल्यासारखं झालं, पण खोडली.

मग म्हणते, पहिले अजिंठा.

मी म्हटलं, अगं, आपण पश्चिमेला निघतोय, अजिंठा दक्षिणेला. आधी तिकडे जायचं, परत जळगावला यायचं, मग धुळ्याकडे? डोकं आहे का ठिकाणावर? तर नाहीच. "पहिले अजिंठा. मंग बठ्ठं." बाकी सगळं मागाहून म्हणे. का, तर सांगत नाही. नरडाण्याची बाई आहे, एकदा पाय रोवला की बैल लावूनही हलत नाही. मीही हललो नाही.

सोमवार, १४ जानेवारी

लायसन्सचं नूतनीकरण झालं. डोळे तपासले. तक्ता समोर टांगलेला, वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत खाडखाड वाचला. माझ्यामागचा तिशीतला पोरगा चौथ्या ओळीला अडला. कारकून म्हणाला, "काका, अजून वीस वर्षं चालवाल." घरी येऊन हिला सांगितलं. तिने नुसतं "हं" केलं. तिळगूळ हातावर ठेवला, तोही गोड बोलल्याशिवाय.

विजेचा मात्र वैताग आहे. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं आजकाल, इंद्रधनुष्यासारखं. बोर्डाचे लोक काय वीज देतात कोण जाणे. संध्याकाळी कपाळही दुखतं त्यामुळे.

रविवार, २० जानेवारी

पहिली फेरी, नशिराबादपर्यंत. घंटी माझ्या कानाशी बसवली, दोरी डाव्या सीटवर हिच्या हाताशी. म्हटलं, आता तू कंडक्टर. हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. दोन घंट्या दिल्या, टिंग टिंग, आणि मी गाडी काढली. काय सांगू! बायको कंडक्टर, मागे घर, पुढे रस्ता. वाटलं, असं आधीच का नाही केलं?

फाट्याजवळ तिने एक घंटी दिली. पाय आपोआप ब्रेकवर गेला. घंटी वाजली की माझा पाय माझं ऐकत नाही. थांबलो. समोर काही नाही. म्हटलं, "काय झालं?" तेवढ्यात एक सायकलवाला बॉनेटच्या पुढून शिव्या देत गेला. कुठून उगवला कोण जाणे. हल्ली लोक रस्त्यावर कुठूनही उगवतात.

नशिराबादला झाडाखाली थांबलो तर पाच मिनिटांत आठ-दहा बाया पेले घेऊन हजर. कपबशी ओळखली त्यांनी! द्रौपदाने खरंच स्टोव्ह पेटवला आणि होता तेवढा चहा वाटला. एक म्हातारी म्हणाली, "पत्ती हलकी शे." फुकटात वर ही तक्रार.

मंगळवार, २२ जानेवारी

पंडित आला होता. मी दाराबाहेर टायर बघत होतो. आत गेलो तर हा आणि द्रौपदा चुलीपाशी हळू आवाजात बोलत होते, मला बघून गप्प. द्रौपदाने डोळ्याला पदर लावला. धूर फार होतो आमच्या चुलीचा.

पंडितला म्हटलं, फेरीला ये, तुझी घंटी बघ कशी वाजते. "येईन जिवाभाऊ," म्हणाला, पण नजर दिली नाही. रिटायर मी झालो आणि म्हातारा हा दिसायला लागला.

रविवार, २७ जानेवारी

आज डोकं फिरलंय. तरी लिहितो.

दुसरी फेरी, एरंडोलपर्यंत. हा रस्ता मी डोळे बांधून चालवीन. बांभोरीच्या पुलाआधीचा खड्डा, पाळधीचा चिंचेचा पट्टा, पुढचं वळण, सगळं हातात बसलेलं आहे. हातच वळतो, मला सांगावं लागत नाही. आणि ही बाई घंटी वाजवते! पुलावर एक. पुलाच्या पलीकडे एक. रस्त्याच्या कामाची खडी टाकली होती म्हणे डाव्या बाजूला. टाकली असेल! मी काय खडीवर गाडी घालणार होतो? मडगार्डला जरा घासलं, ते खडी रस्त्यात आली होती म्हणून.

पाळधीत तर इतक्या जोरात ओढली की दोरी तुटायची. मी करकचून थांबवली, पिंपातलं पाणी सगळं आत सांडलं. समोर रस्ता मोकळा. ही दार उघडून खाली उतरली, डाव्या चाकाजवळ वाकली, बराच वेळ तिकडेच. परत आली तर तोंड पांढरं. विचारलं तर म्हणाली, "बकरी व्हती."

बकरी! एका बकरीसाठी एवढं? पंडितचं पाणी लागलं हिला. त्यानेच शिकवलं असणार. म्हटलं, दोरी कापून टाकतो.  परत येताना ती सगळ्या रस्त्यात दोरी हातात घट्ट धरून बसली होती, कुणीतरी हिसकावून नेईल अशी.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

मला न विचारता हिने पत्र टाकलं. "भिकनले लिखेल शे मी." भिकन म्हणजे हिचा भाऊ, वरणगावच्या फॅक्टरीत ट्रक चालवतो. त्याला रजा काढून बोलावलंय, सोबतीला म्हणे. सोबतीला की चालवायला?  अहो, भिकनच्या गाडीत बसायचं म्हणजे ज्वारीचं पोतं होऊन बसायचं. त्याला माणसं वाहायची सवय आहे का? त्याला ब्रेकच माहीत नाही, हॉर्न तेवढा माहीत. मी उलटं कार्ड टाकलं: येऊ नये, गाडीत जागा नाही.

वर आणखी एक. पोरीला, सुगंधाला, धुळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला लावली. माझ्यासाठी! म्हटलं, डोळ्यांचा डॉक्टर ज्याला वाचता येत नाही त्याला. मी ही डायरी काय नाकाने लिहितो?

मंगळवार, ५ फेब्रुवारी

दाराची चौकट कपाळाला लागली. थोडं रक्त आलं. घर लहान आहे, दुसरं काय.

पण एक कबूल करायला पाहिजे. हिला म्हातारपणी का होईना, वळण लागलं. हल्ली पेला, ताट, चष्मा, काडेपेटी, सगळं माझ्या अगदी समोर ठेवते, नाकासमोर. आता काही सांडत नाही. मी तिला शाबासकी दिली. तिने तोंड फिरवलं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

उद्या निघायचं. ही पहिले अजिंठ्यावर अडून आहे, मी नाही म्हणतोय. शेवटी म्हटलं, गाडी माझी, रस्ता माझा. भिकनचं उत्तर आलं नाही, म्हणजे समजला. पिंप भरलं, रॉकेल घेतलं, कळण्याच्या भाकरीचं पीठ, ठेचा, तीळ, सगळं भरलं. पंडितला सकाळी निरोप द्यायला बोलावलंय.

हिला झोप लागत नाही, या कुशीवरून त्या कुशीवर. फिरायला जायचा आनंद असणार.

रविवार, १७ फेब्रुवारी

निघालो नाही.

जसं झालं तसं लिहितो. एक अक्षर वगळत नाही.

साडेसातला गल्ली जमली. मी खाकी शर्ट घालून स्टिअरिंगवर बसलो, द्रौपदा डावीकडे. इंजिन चालू केलं. पंडित अजून आला नव्हता. मी म्हटलं, त्याच्यासाठी पाच मिनिटं थांबू. थांबलो. लोक थोडे गप्प झाले होते, मला कळलं नाही का. मग म्हटलं, जाऊ दे, नाही येत तो, दे दोन घंट्या.

घंटी नाही.

म्हटलं, दे. नाही. हिच्याकडे मान वळवून बघितलं तर दोरी मुठीत आणि डोळ्यांतून पाणी. "मी नही वाजाडस," म्हणाली. "आज नही. कधीच नही."

मी म्हटलं, अगं गल्ली बघतेय, चेष्टा पुरे. तर नाही. हात जोडून सांगतो, कोणालाही विचारा, मी दोन घंट्यांशिवाय चाक हलवत नाही. माझा हात गिअरवर होता, इंजिन चालू होतं, आणि माझ्याने क्लच सोडवेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी ओरडलो. काय वाटेल ते बोललो, लिहायची लाज वाटते. म्हणालो, "कंडक्टर हवा तर पंडितला बसवतो तुझ्या जागी! कुठे तडमडलाय तो?"

द्रौपदा म्हणाली, "तो पंधरा मिनिटं झाली, अठे उभा शे."

"कुठे?"

"जिवाभाऊ," आवाज आला, "मी इथंच आहे."

मी मान पूर्ण वळवली तेव्हा दिसला. डाव्या मडगार्डला टेकून उभा होता. काच उघडी होती. द्रौपदाने हात लांब केला असता तर शिवला असता. हातात झेंडूचा हार, आणि तो हार तो माझ्याकडे बघून हलवत होता. पंधरा मिनिटं हलवत होता. सगळी गल्ली बघत होती. मला दिसला नाही.

मी म्हटलं, "आत्ताच आलास ना?"

पंडितने हार खाली घेतला.

मग द्रौपदाने विचारलं, "पाळधीनी ती पोर तुमले दिसनी का? लाल झग्यानी. बकरीमागे पळेल. चाकपासून एवढी," आणि तिने वीतभर बोटं उघडली. ते मात्र मला दिसलं, कारण तिने हात माझ्या अगदी समोर आणला होता.

इंजिन बंद केलं. खाली उतरलो. घरात येताना चौकटीला हात लावून आलो.

सोमवार, १८ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी, धुळे

सुगंधाकडे आहे. एसटीने आलो, पॅसेंजर म्हणून. ड्रायव्हरने ओळखून पुढची सीट दिली. घंटी वाजली की माझा पाय दाबला जायचा, खाली ब्रेक नव्हता.

डॉक्टर तरुण आहेत, बोलायला चांगले. एका डोळ्यावर हात ठेवून समोर बघायला लावलं आणि बाजूने बोट आणत गेले. दिसलं की सांगा म्हणाले. मी वाट बघत होतो, बोट आणायला सुरुवात कधी करतात म्हणून. ते म्हणाले, "काका, बोट जवळजवळ नाकापाशी आलंय."

काचबिंदू. डोळ्यात दाब वाढतो आणि कडेकडून नजर जाते, मधली राहते. म्हणून तक्ता वाचता येतो. म्हणून ही वही लिहिता येते. गेलं ते परत येत नाही. औषधाचे थेंब घालून आहे ते टिकवायचं, टिकलं तर. दिव्याभोवतीची कडी याचीच. बोर्डाला उगाच शिव्या दिल्या.

"किती वर्षं असेल?" मी विचारलं. "दोन तरी. जास्तही. तुम्ही काय काम करता?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

घरी येऊन एक गोष्ट केली. ते म्हणाले होते, वहीची सुरळी करून डोळ्याला लावा, तसं दिसतंय तुम्हाला. मी या डायरीची सुरळी केली, डोळ्याला लावली आणि नातवाकडे बघितलं. मग काढली आणि बघितलं. फारसा फरक पडला नाही.

दोन वर्षं. रोज दोन फेऱ्या, गाडीत पन्नास माणसं, बाया, लेकरं. मी त्यांना कुठून कुठे नेत होतो? "एक माणूस मारला नाही." टाळ्या वाजवल्या लोकांनी.  सुगंधाने पाणी दिलं, अगदी समोर धरून. तिलाही आईने शिकवलंय.

रविवार, २४ फेब्रुवारी

जळगाव. पंडितकडे गेलो. दारात बाजेवर बसला होता. मला बघून उभा राहिला, मी मारीन अशा तयारीने.

मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"बहात्तरच्या उन्हाळ्यात. पारोळ्याच्या स्टँडवर एक म्हातारी डावीकडून पुढे आली. तुम्ही गाडी काढली. मी एक दिली, तुम्ही थांबलात. उतरून विचारलं तर म्हणालात, कोण म्हातारी?"

"मग डेपोत का नाही सांगितलंस?"

तो परत बाजेवर बसला. "सांगायला पाहिजे होतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगतो. मग तुम्ही टायरवर हात मारून गाडीशी बोलायचात, आणि माझ्याच्याने व्हायचं नाही. मग ठरवलं, तुमची डावी बाजू मी बघीन. दोन वर्षं मी तिकीट कमी फाडलं आणि रस्ता जास्त बघितला. चूक केली जिवाभाऊ. कुणी मेलं असतं तर मीही मारलं असतं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही. त्याची गचांडी धरली. मग तशीच धरून ठेवली आणि दोघं रडलो, भर दुपारी, त्याच्या सुनेसमोर. खोड म्हणत होतो मी त्याला. चुकून ओढली गेली, म्हणायचा तो. किती वेळा म्हणायचा! तितक्या वेळा कुणीतरी जिवंत घरी गेलं.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

लायसन्स नेऊन परत दिलं. तोच कारकून. "काका, नुकतंच तर..." मी म्हटलं, घे बाबा, विचारू नकोस.

संध्याकाळी हिला म्हटलं, फर्गो शेठला परत देऊ. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "भिकन शनिवारले येस."

"मी त्याला येऊ नको लिहिलं होतं."

"मी परत लिखं," ती म्हणाली. "पहिले अजिंठा. तुमले दिसस तठलोंग."

दिसतंय तोवर. म्हणजे हे होतं कारण. जानेवारीपासून बाई एवढं एकच मागत होती आणि मी तिला रस्त्याच्या दिशा शिकवत होतो.

रविवार, ३ मार्च, फर्दापूर

गाडीतच बसून लिहितोय. ऊन उतरलंय. बाहेर भिकन चार-पाच लोकांना समजावतोय की ही चहाची गाडी नाही. द्रौपदा स्टोव्ह पेटवतेय, म्हणजे ती समजूत फुकट.

सकाळचं आधी. भिकन स्टिअरिंगवर बसला, द्रौपदा मागे फळीवर, आणि मी डावीकडे. त्या सीटवरून गाडी वेगळीच दिसते. इंजिन चालू झालं. भिकन हसून म्हणाला, "दाजी, घंटी द्या की. तुमच्या गाडीला घंटीशिवाय चालत नाही म्हणे." दोरी हातात घेतली. पंडित खाली उभा होता, या वेळी अगदी समोर, बॉनेटच्या पुढे, हार घेऊन. मग तो बाजूला झाला, आणि झाला म्हणजे मला दिसेनासा झाला. चोवीस वर्षं मी ज्या आवाजाची वाट बघत होतो तो आता माझ्या मुठीत होता. जरा वेळ लागला. कोणी घाई केली नाही. मग ओढली, एकदा, आणि पुन्हा एकदा.

भिकनने गाडी काढली. वाईट चालवत नाही. हे त्याला सांगणार नाही.

नेरी, पहूर, वाकोद मागे पडलं. गाडीची सावली जिथे पडायची, जिथे मी टॉवेल अंथरायचो, तिथलं झाड अजून आहे. आज मी त्याच्या पुढे गेलो. पायऱ्या आहेतच, हिला मी खोटं सांगितलं नव्हतं. चढताना द्रौपदा माझ्या डाव्या अंगाला. आमचं ठरलं: खांद्यावर एक थाप म्हणजे थांब, पायरी आहे, दोन म्हणजे चल. आम्ही कुणाला सांगितलं नाही, बघणाऱ्याला वाटलं असेल म्हातारी नवऱ्याला थोपटतेय.

शेवटाकडच्या लेण्यात अंधार होता. पहारेकऱ्याने बाहेरून पत्र्यावर ऊन घेऊन आत टाकलं. डाव्या भिंतीला तो झोपलेला होता. केवढा! मला सगळा एकदम नाही दिसला. आधी चेहरा दिसला, उशीवर टेकलेला, डोळे मिटलेले. मग मान हलवत खांदा, हात, गुडघा, पाय असं बघत गेलो आणि परत चेहऱ्यावर आलो. लोक येत होते, एका नजरेत बघून जात होते. मला वेळ लागला, पण मी सगळा बघितला.

द्रौपदाने हात जोडले होते. ती हळूच म्हणाली, "झोपेल नही वाटत. ऐकी राहिना शे."

मग तिचा हात माझ्या खांद्यावर आला. एक थाप. मी थांबलेलोच होतो. दुसरी द्यायला तिने हात उचलला.

मी म्हटलं, "दोन इतक्यात देऊ नकोस."